सांगून हात लावायचा

तिनं हात सोडला आणि तो गादीवर पडला. मोठा आवाज झाला नाही, कापसावर काहीतरी जड टेकावं तेवढाच. पण राजेश्वरीच्या पोटात एकदम खड्डा पडला. तिनंच सांगितलं होतं, की तुम्ही डावं अंग गेलेले पेशंट आहात, मला मदत करायची नाही, हात मी उचलणार आणि मीच ठेवणार. पण ठेवायच्या आधी टॉवेल घ्यायला ती वळली, मनगटावरची पकड सुटली, आणि कुंदनचा हात पडला. जिवंत माणूस आपला हात असा पडू देत नाही. लहानपणी खोटंखोटं झोपलेली त्यांची मुलगी गीतू याच्यावरूनच पकडली जायची. हात उचलून सोडला की तो हवेत थोडा थांबायचा आणि मग सावकाश खाली यायचा. हा थांबला नाही. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तो वर पंख्याच्या पात्यांकडे बघत होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "अहो," ती म्हणाली. "अहो, ऐकताय ना?" तेव्हा मान न वळवता तो म्हणाला, "पेशंट हाय ना मी? तूच बोललीस, मदत करायची नाय." तिनं टॉवेल परत पाण्यात बुडवला, पिळला, आणि त्याचा दंड पुसायला लागली, पण आता तिची बोटं त्या दंडावर नीट बसेनात. दुपारची वेळ होती, बाहेर भंगारवाला ओरडत चालला होता, शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज भिंतीतून येत होता. आणि आपल्या घरात, आपल्याच दिवाणावर आपण कुणा परक्या माणसाला आंघोळ घालतोय असं तिला वाटत राहिलं.

सानपाड्याच्या क्लासला ती का जायला लागली हे तिला कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. गीतांजली बारावी होऊन कराडला हॉस्टेलवर गेली आणि कोपरखैरण्याच्या त्या बैठ्या घरातली दुपार एकाएकी लांब झाली. कपडे वाळायचे, घड्या व्हायच्या, भाजी निवडून व्हायची, तरी ऊन भिंतीवर तिथंच. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं, जीडीएचा कोर्स असतो, म्हणजे नर्सच्या हाताखाली पेशंटचं सगळं करायचं, अंग पुसणं, कपडे बदलणं, भरवणं, कूस पालटणं. परीक्षा पास झाली की सर्टिफिकेट मिळतं, हॉस्पिटलात घेतात. ती गेली. औषधांच्या दुकानावर एक हॉल होता, त्यात दोन लोखंडी कॉट आणि पांढऱ्या पडद्याची एक चौकट. शिकवायला सुनीती मॅडम, जन्मभर नर्सिंग करून रिटायर झालेल्या, गुडघे दुखायचे तरी खुर्चीवर न बसणाऱ्या. राजेश्वरीच्या कामात त्यांना खोट सापडत नसे. चादरीला सुरकुती नाही, पाणी सांडणं नाही. तरी तिच्या मागं उभ्या राहून त्या दर वेळी एकच म्हणत, "तोंडाला कुलूप घातलंस का गं? सांगून हात लावायचा. आता तुमचा चेहरा पुसते, आता उजवा हात घेते, पाणी फार गरम नाही ना. त्याला शुद्ध नसली तरी सांगायचं. न सांगता हात लावतेस, म्हणजे तू भांडी घासतेयस." बाकीच्या पोरी हसायच्या. राजेश्वरी मान हलवायची, वाक्य जुळवायची, आणि कॉटवर पेशंट होऊन झोपलेल्या एखाद्या पोरीकडे वाकली की मुकाट्यानं टॉवेल फिरवायला लागायची. परीक्षेत याचे मार्क होते. पण मार्कांचं तिला तेवढं वाटत नव्हतं. मॅडमनी काहीतरी बघितलंय, आपल्या हातातलं नाही, आपल्या घरातलं, असं तिला वाटायचं, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती स्वतःशी पुटपुटायची, आता मी तुमचा चेहरा पुसते, आता मी तुमचा चेहरा पुसते. शेजारची बाई जरा सरकून बसायची.

कारण घरात बोलणं नव्हतंच. ते कधी थांबलं हे तिला आठवेना. भांडण झालं असतं तर तारीख तरी सापडली असती. लग्न होऊन ती साताऱ्याकडून इकडे आली तेव्हा भाड्याच्या खोलीत कुंदन ड्युटीवरून यायचा तो अख्खा रस्ता घरात घेऊन. स्टाफची बस चालवायचा, अजूनही तीच चालवतो, महाप्याच्या कंपन्यांची. कुठल्या सिग्नलला कोण आडवा घुसला, कुठल्या गेटवरच्या वॉचमननं कुत्र्याला स्वेटर घातलाय, कोण पोरगी रोज शेवटच्या सीटवर बसून रडते आणि उतरताना तोंड पुसून हसते. ती चपात्या लाटत ऐकायची. मग तो नुसतं 'आलो' म्हणायला लागला. मग 'आलो'ही गेलं, कारण दार वाजल्यावर दुसरं कोण असणार. गीतू होती तोवर दोघं तिच्याशी बोलायची आणि तिच्यामार्फत एकमेकांशी. पप्पांना सांग गॅस संपलाय, आणि पप्पा समोरच जेवत बसलेले. गीतू गेल्यावर गॅस संपल्याचं सांगायला कुणी राहिलं नाही, तेव्हा राजेश्वरी रिकामा सिलिंडर दाराशी आणून ठेवायची. तो बघायचा, उचलायचा. यात राग नव्हता. उलट किती सुरळीत चाललंय असं तिला वाटायचं, आणि तसं वाटलं की एक बेचैनी पायांतून वर चढायची, आणि ती उठून उगाच फडताळ आवरायला लागायची.

मॅडम भांडी म्हणाल्या तेव्हा तिला वेगळंच आठवलं होतं. गीतूच्या वेळी, बाळंतपणानंतर, एक आया तिला पुसायला आली होती. तिचं तोंड आता आठवत नाही. हिरव्या बांगड्या आठवतात आणि हात. हात वाईट नव्हता, दुखवणाराही नव्हता. पाणी गार होतं. त्या हातानं तिला या कुशीवरून त्या कुशीवर केलं, पाय उचलले, ठेवले, आणि सगळा वेळ ती आया खिडकीबाहेर बघत होती. राजेश्वरीला आई हवी होती, किंवा कुणीही, ज्यानं एवढंच म्हणावं की बाई, जरा गार लागेल. ती वीस-एकवीस वर्षांची होती, लाजेनं तिनं डोळे मिटून घेतले होते, आणि मिटल्या डोळ्यांआड तिला वाटलं होतं की आपण इथं नाही, नुसतं एक अंग आहे आणि ते कुणीतरी धुऊन ठेवतंय. आता इतक्या वर्षांनी तो मुका हात तिला स्वतःच्या मनगटाला लागलेला दिसला. तेव्हाच तिनं ठरवलं, घरी सराव करायचा. आणि घरी कुंदनशिवाय होतं कोण?

तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, भिंतीकडे बघून, की परीक्षा जवळ आलीय, जरा पेशंट होऊन पडाल का दुपारी. त्यानं घास चावला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "कसला पेशंट?" ती म्हणाली, "अंगावरून वारं गेलेला. परीक्षेत बहुतेक तोच असतो." त्यानं विचारलं, "कुठल्या अंगावरून?" तिला हसू आलं. "कुठल्याही. डाव्या समजा." तो म्हणाला, "बरं." आणि पहिल्याच दुपारी तो हात पडला.

दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं नाही. पहाटेची शिफ्ट करून तो आला, हातपाय धुतले, जेवला, आणि बनियनवर जाऊन दिवाणावर उताणा झाला. डावा हात त्यानं उजव्या हातानं उचलून अंगाशी ठेवला. ती टब घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "सिस्टर, आलात का?" तिला आधी कळलंच नाही. इतक्या वर्षांत त्यानं तिला 'आलात' म्हटलं नव्हतं. अगं, ए, ऐक गं, यापलीकडे तिला त्याच्या तोंडी नाव नव्हतं. तिनं टब स्टुलावर ठेवला. मॅडमचं वाक्य तिच्या घशाशी आलं आणि या वेळी अडकलं नाही. "हो काका, आले. आता तुमचा चेहरा पुसणार आहे. पाणी कोमट आहे. चालेल ना?" "चालेल." तिनं कपाळ पुसलं, डोळे आतून बाहेर पुसले, कानामागं पुसलं. त्याच्या कानामागं एक तीळ होता. तो आधीपासून होता की नंतर आला हे तिला ठरवता येईना. "आता डावा हात घेते." "घ्या. मला काय समजत नाय त्या हाताचं." हे तो इतक्या सहज म्हणाला की तिनं विचारलं, "कधीपासून काका?" आणि तो म्हणाला, "हाय आता. घरी कुणाला कळलं नाय अजून." तिला वाटलं, नाटक करतोय, साताऱ्याकडच्या जत्रेत रात्र रात्र तमाशा बघून आलेला माणूस, अंगात असणारच. पण तिच्या मानेवर काटा आला.

दुपार अशी होऊन बसली. बाहेरचे आवाज तेच, ऊन तेच, पण ती टब भरायला लागली की तिचे कान गरम व्हायचे. काका म्हटल्यावर तिला काहीही विचारता येत होतं. जेवण जातं का, झोप लागते का, घरी कोण असतं. "बायको असते," तो म्हणाला एकदा. ती त्याच्या पाठीला टॉवेल लावत होती, त्याला कुशीवर वळवलेलं, त्याचं तोंड भिंतीकडे. "बोलते का तुमच्याशी?" तिनं विचारलं, आणि विचारल्यावर टॉवेल तसाच धरून राहिली. भिंतीकडून आवाज आला, "ती कामाची हाय लय. तिला बोलायला येळ नसतो." थोडं थांबून, "मी पण नाय बोलत. काय बोलायचं ते जमा करतो गाडीवर, आणि घरी येईस्तवर सांडून जातं." राजेश्वरीनं पाठ पुसली, कोरडी केली, पावडर लावली. तिला म्हणायचं होतं की तुमच्या बायकोला वेळच वेळ असतो. पण ते सिस्टरला कसं माहीत असणार. ती म्हणाली, "तिला सांगून बघा काका. ती ऐकेल." "बघतो," तो म्हणाला.

संध्याकाळ झाली की सिस्टर आणि काका दोघंही निघून जायचे आणि मागं राहायचे राजेश्वरी आणि कुंदन, मुकाट्यानं बातम्या बघणारे. तो तोच माणूस, तीच पाठ, टीव्हीसमोर वाकलेली. ती वाट बघायची की आता तरी वळून काही म्हणेल. दुपारी माझ्याशी बोललास ना रे, मनातल्या मनात ती त्याला अरेतुरे करायची. त्या सिस्टरचा तिला मत्सर वाटायला लागला. मग या वेडेपणाची लाज वाटायची आणि ती पुस्तक उघडून बसायची. पेशंटच्या त्वचेचा रंग पाहा. पेशंटचं बोलणं अडखळतं का, तोंड वाकडं होतं का, एका बाजूचा हात अचानक लुळा पडला का पाहा. स्वतः निदान करू नका. जे दिसलं, जे ऐकलं, ते लगेच इन्चार्ज सिस्टरला सांगा. ती हे मोठ्यानं वाचायची, पाठ करायची, आणि कुंदन टीव्हीचा आवाज कमी करायचा. तिचा अभ्यास व्हावा म्हणून करतोय असं तिला वाटे.

परीक्षेच्या तीनेक आठवडे आधी तिनं क्लासमधून बेडपॅन आणलं. चादर पांघरून, पँट तशीच, नुसतं खाली सरकवायचं आणि काढायचं, एवढाच सराव. तरी तिला संकोच वाटला. "काका, आता तुमचे गुडघे वाकवते. कंबर उचलायला मी मदत करते." त्यानं कंबर उचलली नाही. सगळं वजन तिच्यावर आलं. ती वाकली, तिनं त्याला कुशीवर घेतलं, भांडं सरकवलं, परत उताणा केला. घाम आला. भांडं काढून, झाकून ती सरळ झाली तेव्हा तो तिच्याकडे बघत होता, पापणी न लवता. "काय बघताय काका?" "तुमचं तोंड बघतोय." "का?" तो म्हणाला, "माझा बाप असाच पडून होता गावाला. माझी वहिनी करायची सगळं. चांगली बाई हाय, कदी बोलली नाय काही. पण मी सोप्यात बसलेलो, आणि ती हे असं भांडं घेऊन बाहेर आली, आणि तिला वाटलं कुणी बघत नाय. तेव्हा तिचं तोंड बघितलं मी." पंखा फिरत होता. "तुमचं तसं नाय झालं," तो म्हणाला. राजेश्वरीला सासऱ्यांची ती अडगळीशेजारची खाट आठवली. वहिनीचं तोंडही आठवलं. पण तिला ते नेहमी हसरंच आठवत होतं. तिनं चादर नीट केली. मग टॉवेल भिजवला आणि म्हणाली, "आता डावा हात घेते."

"सिस्टर," तो म्हणाला, "हा हात खरंच गेला होता."

तिनं हात उचललेलाच होता. एका हातात मनगट, दुसऱ्या हातात कोपर, शिकवल्यासारखं. "कधी?" तिनं विचारलं. आवाज सिस्टरचाच निघाला, आणि त्याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"झाला महिना. तुमचा हा सराव सुरू झाला त्याच्या आदी. गाडीवर. महाप्याचा पूल उतरून सिग्नलला थांबलो. सुटला सिग्नल, गियर टाकायला गेलो, तर हात जाईना. बघितलं तर मांडीवर पडलेला. डबा ठेवतो ना आपण मांडीवर, तसा. उचल म्हटलं तर उचलंना. मागं हॉर्न. गाडी भरलेली, सगळे आपले कानात वायरी घालून. मी या हातानं तो हात उचलला आणि गियरवर ठेवला, तर घसरला. मग आपोआप आला. मुंग्या आल्या आणि आला. गाडी नेली गेटपर्यंत." तो हसल्यासारखं बोलला, "कुणाला काय समजलं नाय. तवापासून बघतो, असं झालं तर कसं पडायचं. कसं वाटंल. तुमी घ्याल का हात, कसा घ्याल." आणि मग अगदी हळू, "माझ्या बायकोला सांगू नका सिस्टर. ती भिईल."

तिनं तो हात पुसला. बोटांच्या बेचक्या पुसल्या, तळवा पुसला, कोरडा केला, चादरीवर ठेवला. आता दुसरा हात, म्हणायचं राहिलं, पण दुसरा हातही पुसला. टब उचलून ती मोरीत गेली, पाणी ओतलं, आणि वाहत्या नळाखाली मनगटं धरून उभी राहिली. पहिल्या दिवशी पडलेला तो हात पोटात परत पडला. तेव्हा आपल्याला कळलं होतं. पोटाला कळलं होतं, आणि आपण टॉवेल पिळत बसलो. महिनाभर हा माणूस पहाटे उठून गाडी काढतोय, त्या पुलावरून, भरलेली गाडी. आणि आपण रोज दुपारी कानामागचा तीळ बघतोय. तिला त्याचा राग आला, इतका की तिनं नळ करकचून बंद केला. मग राग कुणाचा आला तेच कळेना. सांगितलं तर होतं त्यानं. बायकोला सांगवेना, तर एक बाई उभी करून तिला सांगितलं. आणि ती बाई आपणच उभी केली होती. आता जाऊन दिवाणाशी बसावं, काका घाबरू नका म्हणावं, उद्या परत टब भरावा. पोरगी येईपर्यंत, परीक्षा होईपर्यंत रोज त्याचा तो आवाज ऐकावा. हा मोह तिला खरोखर झाला. मोरीच्या उंबऱ्यावर ती तशी उभी होती आणि मनात पुस्तकातलं ते वाक्य फिरत होतं, लगेच इन्चार्ज सिस्टरला सांगा, आणि या घरात इन्चार्ज कुणी नव्हतं.

ती बाहेर आली. खुंटीवरचा शर्ट घेतला. "उठा."

"झालं?" डोळे न उघडता तो म्हणाला.

"झालं. शर्ट घाला. दवाखान्यात जायचंय."

त्यानं डोळे उघडले. काका त्या डोळ्यांतून गेला तेव्हा तिनं त्याला जाताना बघितलं. "कशाला? तुला कोण बोललं?"

"सिस्टर बोलली."

तो उठून बसला. मग कपाळाची शीर फुगली. "येडी हाय का तू? ते खेळातलं होतं. आता एकदम मस्त हाय मी. हे बघ, हे बघ," त्यानं डाव्या हाताची मूठ उघडली, मिटली. "दवाखान्यात गेलो की लिहितात. लिहिलं की कंपनी गाडीवरून काढती. मग काय करू घरात बसून? पंखा बघू?"

"गाडीत माणसं असतात ना," ती म्हणाली.

"मला शिकवू नको."

"नाही शिकवत. आज पहाटे गाडी काढलीत तेव्हा तुमच्या मनात काय होतं तेवढं सांगा. मला सांगा. मी राजेश्वरी."

स्वतःचं नाव त्याच्यासमोर घेतल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. बाहेर कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि तो कुणी बंद करत नव्हतं. मग त्यानं तिच्या हातातून शर्ट घेतला आणि बटणं लावायला लागला, वरून खाली. ती त्याच्या डाव्या हाताची बोटं बघत राहिली. मधल्या एका बटणाशी बोटं थोडी चाचपडली. तिनं हात पुढं केला नाही. ते बटण त्याचं त्यानंच लावलं.

वाशीच्या हॉस्पिटलमधला डॉक्टर गीतूपेक्षा फार मोठा नसावा. त्यानं हात वर करायला लावले, बोटानं नाक शोधायला लावलं, दात दाखवायला लावले, आणि विचारलं, "महिनाभर कुणाला सांगितलं नाही?" कुंदन आधी टेबलाकडे बघत होता. मग त्यानं मान वळवली. "सांगितलं होतं. हिला." डॉक्टरनं चिडून तिच्याकडे बघितलं, बाई, मग तुम्ही इतके दिवस काय केलंत, असं. ती म्हणाली नाही की आजच सांगितलं. तो 'हिला' तिनं ऐकला आणि मान खाली घातली. तिथं उभी राहून ती डॉक्टरचं सगळं रागावणं ऐकून घेत होती आणि आत कुठंतरी काहीतरी सैल होत होतं.

त्याला ठेवून घेतलं. मेंदू ठीक होता. मानेतली एक नस बारीक झाली होती, बीपी भलतंच वर. हा इशारा होता, डॉक्टर म्हणाला, नशीब म्हणायचं. गोळ्या कायमच्या, गाडी बंद, निदान आम्ही सांगेपर्यंत. सकाळी वॉर्डमध्ये पुसायला बाई आली आणि म्हणाली, "नातेवाइकांनी बाहेर थांबा." पडदा ओढला गेला. राजेश्वरी पडद्याबाहेर उभी. पडद्याखाली तिला त्या बाईच्या चपला दिसत होत्या, या बाजूला, मग त्या बाजूला. पाण्याचा आवाज, पिळलेल्या कापडाचा आवाज. बोलणं नाही. ती वाट बघत राहिली. आता म्हणेल, आता चेहरा पुसते. आता म्हणेल, कुशीवर वळा. पडद्यावर कोपर उमटलं, गेलं. तिला आत जाऊन ते कापड हिसकावून घ्यावंसं वाटलं. त्या बाईला बोल म्हणावं, की त्याला ऐकू येतं गं. पण ती नातेवाईक होती. ती पडद्याची कड धरून नुसती उभी राहिली, आणि पडदा उघडला तेव्हा कुंदन धुऊन ठेवल्यासारखा पडला होता, डोळे मिटून.

घरी आल्यावर दिवाण तोच होता, पण त्याच्यावर दुपारी कुणी उताणं झालं नाही. कुंदन खुर्चीत बसायचा. गोळ्या वेळेवर घ्यायचा. कंपनीचा फोन आला, तो 'हो साहेब, हो साहेब' म्हणाला आणि फोन पालथा घालून ठेवला. राजेश्वरी टब भरायची नाही. एकदा ती म्हणाली, "सराव राहिलाय थोडा." तो म्हणाला, "उशीला कर ना." तिनं उशी आडवी ठेवली, आता तुमचा चेहरा पुसते म्हणाली, आणि मग ती उशी उचलून जागेवर ठेवून दिली. आपण एका माणसाला दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्याला घालवून बसलो, असं तिच्या मनात यायचं. गीतूचा फोन आला की दोघं आळीपाळीनं बोलायची, मोठमोठ्यानं, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे.

परीक्षेच्या दिवशी तो म्हणाला, येतो तुझ्याबरोबर, घरात काय करू. सानपाड्याच्या त्या हॉलखाली, औषधांच्या दुकानाच्या पायरीशी तो थांबला. वर तिचा नंबर आला. परीक्षक एक तरुण बाई, गळ्यात ओळखपत्र. पडद्याच्या चौकटीत कॉटवर कुणी पोरगी नव्हती; प्लास्टिकचा डमी होता, मातकट रंगाचा, उघड्या डोळ्यांचा, अंगावर हिरवा गाऊन. "लेफ्ट साइड पॅरालिसिस. स्पंज बाथ द्या," परीक्षक म्हणाली. राजेश्वरीनं हात धुतले, पडदा ओढला, पाणी मनगटावर बघितलं. ती वाकली. "काका, मी राजेश्वरी. आता तुमचा चेहरा पुसणार आहे. पाणी कोमट आहे. चालेल ना?" आणि ती थांबली. डमीकडे बघत, टॉवेल हातात धरून, खरोखर थांबली. परीक्षकानं मान वर केली. "पुढे चला मॅडम." तिनं चेहरा पुसला. "आता डावा हात घेते. दुखलं तर सांगा." परत थांबली. तिला थांबायचं नव्हतं. पण विचारलं की तिचे हात आपोआप थांबत होते, उत्तरासाठी जागा ठेवून. "अहो, तो काय बोलणार आहे? वेळ जातोय तुमचा," परीक्षक म्हणाली, वाईटपणानं नाही, जरा हसूनच. वेळ गेला. पाठ पुसून व्हायच्या आत घंटा वाजली. निकाल पुढे लागला तेव्हा ती पास होती, जेमतेम. बोलण्याचे मार्क पूर्ण, पाठीचे कापलेले. पावसाळा संपता संपता ती नेरुळच्या एका हॉस्पिटलात लागली. पण त्या दुपारी जिना उतरताना यातलं काही तिला माहीत नव्हतं. नापास झालो, हेच डोक्यात होतं, आणि पाय नुसते खाली चालले होते.

कुंदन पायरीवरून उठला. "काय विचारलं?"

"डमी होता," ती म्हणाली. "प्लास्टिकचा."

"मग?"

"मग काय. बोलले त्याच्याशी."

"काय बोलला तो?"

तिनं दचकून त्याच्याकडे बघितलं. तो गंभीर होता, पण ओठाची कड हलत होती. बऱ्याच दिवसांनी तिला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही. दोघं पामबीच रस्त्याच्या दिशेनं चालायला लागली, काही न ठरवता. रस्ता ओलांडायला सिग्नलला थांबली. समोरून गाड्या जात होत्या, आणि त्यांत एक पांढरी स्टाफची बस गेली, काचेवर कंपनीचं नाव, चालवायला एक तरुण पोरगा, खिडकीत कोपर टाकून. कुंदन ती बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. त्याची मान वळलेलीच होती जेव्हा तो म्हणाला, "अगं."

"काय?"

"मला भीती वाटते."

हे तो त्याच्याच आवाजात म्हणाला. भर रस्त्यावर, उन्हात, 'अगं' म्हणून. राजेश्वरीच्या तोंडात पुस्तकातली सगळी वाक्यं एकदम आली, काळजी करू नका, सगळं बरं होईल, आणि यातलं एकही त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

"मलाही वाटते," ती म्हणाली.

सिग्नल सुटला. बाजूची माणसं पिशव्या सावरत रस्ता ओलांडून गेली. "जायचं?" त्यानं विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "पुढच्याला जाऊ."